अळणी

शुक्रवारी सकाळी मी बादलीत मीठ कालवते.
वीस लिटर आरओचं पाणी, हाताएवढा पंप,
परदेशी डब्यातलं तोलून घेतलेलं मीठ.
घणसोलीत, सातव्या मजल्यावर.

डबा आणला त्या दिवशी आबा म्हणाले,
"मीठ? इकत आनलंस?"
आणि खाली जाऊन गोष्ट शेजारच्या नामाकाकांना सांगून आले.

तीस वर्षं त्यांनी मिठागरात फळी ओढली.
कोंडीतल्या पाण्यावर साय धरली की
मुकादमाआधी त्यांना कळायचं.
आता तिथं डांबर आहे, आणि पिवळ्या रेघा.

टाकीत दोन जोकरमासे, उसन्या शंखातला खेकडा,
नखाएवढ्या दगडावर हिरवं प्रवाळ.
ते परवापासून मिटून बसलेलं.
मी दिवा वर घेतला, खाली घेतला,
थेंब टाकून पाणी गुलाबी केलं, निळं केलं,
नळी उजेडाकडे धरून डोळ्याला लावली:
पस्तीस. हवं तेवढंच.

आबांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली.
"आलनी हाय."

वाद नको म्हणून नळी साध्या पाण्यानं धुतली,
शून्यावर आणली. स्क्रू बराच फिरला.
पुन्हा पाहिलं.
एकतीस.

रोज एकेक, घाई न करता.
पाचव्या दिवशी दुपारी प्रवाळ उघडलं,
आतून केशरी. मी हाक मारली.

आबांनी पाहिलं, न पाहिल्यासारखं.
ते झाकणाच्या कडेला धरलेला पांढरा थर
नखानं खरवडत होते,
तळहातावर गोळा करत होते.
"पीक हाय, पोरी," म्हणाले,
"सांडू नको."