आठ धागे

वडगावात लाइट दुपारी तीनला येते
आणि गल्लीतले माग एकदम बोलायला लागतात.
त्या आवाजातच मल्लेशी हवळ आला,
खिशात पेन ड्राइव्ह, काखेत गुंडाळलेलं कापड.
अंगभर सगळं बेस. पदराला लागली
आणि उजवा काठ आत सरकला.
मोजून आठ धागे.
त्याच्या बाहेर डाव्या काठाची एक पट्टी,
चुकून या बाजूला राहून गेलेली.

"मशीनवाला म्हणतोय बोर्ड बदला, चाळीस हजार.
तू एकदा फाइलीचं पोट उघडून बघ की."

मी काळी खिडकी उघडली. इथं माउसचं काही चालत नाही.
डावीकडं पत्ते, मधे सोळा जोड्यांची एकेक ओळ,
उजवीकडं अरुंद रकाना:
इंग्रजी असेल त्याला अक्षर,
बाकी सगळ्यांना एकेक ठिपका.

आधी नक्कल केली. मूळ फाइलीला हात नाही.

सव्वीसशे अठ्ठ्याऐंशी हुक.
म्हणजे एका फेरीला तीनशे छत्तीस बाइट,
पडद्यावर एकवीस ओळी.
एकवीस उतरलं की परत साडीची डावी कड,
पहिल्याच घरात: AA.
आणखी एकवीस: 55.
परत AA.
एक धागा वर, एक खाली. खाली, वर.
सहाशे अकरा फेऱ्या मी असा जिना उतरलो.
सहाशे बारानंतर कड पहिल्या घरात नव्हती,
मागल्या ओळीच्या शेवटी जाऊन बसली होती.

"गावलं?"
"एक बाइट गळलाय. कुठं ते गावलं.
काय होता ते नाही."

मल्लेशी खुर्चीमागं उभा राहिला, डोळे मिटून.
इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड यायच्या आधी
वीस वर्षं त्यानं पुठ्ठ्याला भोकं पाडलेली.
"वरची फेरी वाच. आता खालची.
कोयरी हाय ती. हितं वळती."
आणि बोटानं हवेत ठोकत:
भोक भोक कोरं कोरं,
कोरं भोक भोक कोरं.

मी टंकलं: C6.
खालचे सगळे, गाजावाजा न करता,
एकेक घर सरकून बसले,
पंगतीत उशिरा आलेल्याला
मांडी आवरून जागा देतात तसे.
AA पहिल्या घरात.

सवयीनं फाइलीच्या टोकाला गेलो.
नक्षी संपल्यावर, मशीन कधी वाचत नाही अशा जागी,
दोन ओळी ठिपके.
"हे काय लिवलंय?"
"वरती E0 A4, म्हणजे मराठी. तुमचं नाव.
खालती E0 B2, E0 B3. कन्नड."
"दोघांचं सुरवातीचं एकच?"
"E0. दोघांचंही."
"आणि उजवीकडं?"
"उजवीकडं दोघंही ठिपकेच."

तो हसला, मग गप्प झाला.
"इराप्पा असणार. रामदुर्गचा.
आठ वर्षं होता माझ्याकडं.
हिशेब कन्नडात, शिव्या मराठीत.
सुरतेला गेला, फोन लागत नाही."

बिलाच्या पाठीवर मी तीन-तीन बाइटांचं
एकेक अक्षर उतरवलं:
अंचु मुट्टबेड.
काठाला हात लावू नको.

कुणाला सांगत होता?
मशीन तिथवर जात नाही,
मल्लेशी कॉम्प्युटरला शिवत नाही,
आणि मी तेव्हा या दुकानात नव्हतो.
तरी C6 परत एकदा तपासला.
कोयरीच्या पोटात होता.
काठापासून लांब.

"किती झाले?"
"दोनशे."
त्यानं दीडशे दिले. बिघडलेलं कापड टेबलावरच ठेवलं,
पडदा पुसायला.
पायरीवरनं परत वळला.
"ती त्याची ओळ. ठेवलीस न्हवं?"
"ठेवली. सदतीस बाइट."
"ठेव," म्हणाला, "मोठी न्हाई ती."