कळलावी

पळसटोल्याच्या शिवारावर चौसष्ट चौकोन,
एकेक चौकोन किलोमीटरभराचा,
आणि माझ्या हाती तान्ह्या पोळ्यापर्यंतचे दिवस.
मग फुलं गळतात, वेल आडवी होते
आणि जमीन काही बोलत नाही.

दिसली की टिंब. नाही दिसली की शून्य.
जिथं गेलोच नाही तो चौकोन रिकामा.
शून्य लिहायला आधी तिथवर जावं लागतं.

नागपूरच्या एका कपाटात
जुन्या कागदावर डिंकानं चिकटवलेली कळलावी आहे,
खाली कोण्या साहेबाच्या तिरप्या अक्षरात:
बोडीच्या पाळीवर, विपुल.
त्या पाळीवर आता मुरमाचा रस्ता.
मी शून्य लिहिलं. पेन उमटलं नाही,
झटकून पुन्हा लिहिलं.

"शून्य काहून लिवतं? निजली असन थे.
एखांद्या साली उठतच नाही."
सोमीबाई पेंदाम, काठीनं गवत दुभागत.
चाळीस वर्षं सुईणपण केलं तिनं.
आता पोरी गाडीत बसून कुरखेड्याला जातात
आणि तिची सकाळ मोकळी असते.

तिचा नकाशा वेगळा.
"हे फुलवंतीच्या येळची.
हे जनीच्या जोडाची, एक जगला.
हे येनाखालची गोंदरूच्या येळची, पायाळू होता,
दोन राती निजू नाही देल्लं त्यानं."
गोंदरू दूर बांधीत चिखल करतोय.
ट्रॅक्टरवरून हात हलवतो, कशाला ते न कळता.

मी वाकते.
पानाचं टोक वळून शेजारच्या काडीला धरून बसलेलं.
पाकळ्या उलट्या उभ्या, बुडाशी पिवळ्या,
वर जाता जाता पेटलेल्या.
उतार, सावली, माती, अक्षांश, रेखांश.
यंत्राची कळ दाबते.

"कळ यायले लागली का
कंद उगाळून तळपायाले लावाचा.
पोटात गेला त मानूस गेला."
आमच्याकडे हिला दारात लावत नाहीत,
घरात भांडणं होतात म्हणून.
एका अक्षराच्या फरकानं
केवढी माणसं बसलीत या नावात.

तिनं बोटांनीच माती सारली.
कंद नांगरासारखा, दोन फाट्यांचा,
एक फाटा जुना मोडलेला, कडेला सुकलेला.
"हा म्या घेतला होता," म्हणाली
आणि माती परत लोटून तळव्यानं थापली,
दोनदा, जरा जास्तच.

मागच्या पावसाळ्यात एक पिकअप आली होती,
काटा घेऊन.
अकरा चौकोनांत नुसते खड्डे,
पाण्यानं भरलेले, बेडकांच्या पिल्लांनी वळवळणारे.
तिथली शून्यं मी पटापट लिहिली.
म्हणून छापील नकाशात टिंबं फुगवायची ठरलीत,
तालुका दिसेल, येनाचं झाड दिसणार नाही.
बारीक आकडे कुलपात.
सोमीबाईला कुलूप कुठं लावणार?
विचारलं कोणी, तर सांगते ती.
आजवर विचारायला आल्या त्या सगळ्या
पोटावर हात ठेवून आल्या.

शेवटचा रकाना शेऱ्याचा.
इतरत्र मी लिहिते: वणवा, चराई, रस्त्यालगत.
इथं लिहिलं: गोंदरू, पायाळू, दोन रात्री.
सर तांबडी रेघ ओढतील. ओढोत.

बांधावर बसून डबा उघडला तेव्हा तिनं विचारलं,
"तुह्या गावाकडं हाये का हे?"
माझं गाव वरुडच्या अंगाला.
संत्र्यांच्या ओळी, ठिबकच्या नळ्या, बोअरवर बोअर.
मी जन्मले सरकारी दवाखान्यात, खाट नंबर चार.
खिडकीबाहेर काय उगवायचं
कोणी सांगितलं नाही.
नाही, म्हणणार होते.
"पाह्यलं नाही," म्हटलं.

"मंग तो डब्बा रिकामा ठेव," म्हणाली,
पदराला हात पुसले, काठी शोधली.
पंचेचाळिसावा चौकोन नाल्यापलीकडे होता.
पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत,
माझ्या त्याहून वर.