सरवा

दहा जणांची एक बाटली असते.
फोडली की चार तास.

शाळेच्या व्हरांड्यात नऊ वाजता टेबल मांडलं.
निळा डबा, बर्फाच्या चार विटा, रजिस्टर,
आणि कुठूनतरी शिजत्या हळदीचा वास.
अकरापर्यंत नऊ माणसं जमली.
तीही सावलीला आल्यासारखी,
बाही कुणी वर करीना.

नागोराव म्हणाले, म्हैस दहा महिने घेती एका वगाराला,
मंग एवढ्या मोठ्या रोगाचं अवशद सालभरात कसंकाय?
मी म्हणाले, विहीर एकट्यानं खोदली तर चार उन्हाळे,
अख्खं गाव उतरलं तर एकच.
खोली तेवढीच असते, नागोराव.
"अन् पाणी?"
सगळे हसले. मीही.
मग म्हणाले, लागलंय.
सगळ्यांना सारखं नाही, पण लागलंय.

रामप्रसादनं हातपंपापाशी बोलावून घेतलं.
"लगीन जमलंय, सिस्टर," म्हणाला,
आणि पुढं काहीच नाही,
चपलेनं माती उकरत राहिला.
माझा दीर अँब्युलन्स चालवतो, मी म्हणाले,
माघातच घेतली त्यानं.
जावेला आता तिसरा महिना आहे.
तो कानापर्यंत लाल झाला, निघून गेला,
आणि पाच मिनिटांनी रांगेत दिसला.

शकिला आपाला शुगर.
गोळी चालू ठेवू? ठेवा.
ताप येईल? एखादी रात्र येईल.
"अन् मेले तर?"

इथं मी अडखळले.
कारण लिंबाखाली, सगळ्यांच्या मागं,
धुरपताबाई बसली होती.

तिच्या मुंजाजींना मीच टोचलं होतं, ह्याच बाकावर.
तिसऱ्या दिवशी दम लागला. सहाव्या दिवशी गेले.
चाचणीचा कागद वसमतहून आला तो तेराव्यानंतर.
गाव म्हणतं, सुईनं नेलं.
साहेब म्हणतात, रोग आधीच अंगात होता.
मला साहेबांचं पटतं.
पण रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे,
खोकला: नाही.
ते नाही म्हणाले, मी नाही लिहिलं,
मागं चाळीस माणसं होती.

आपा, मी म्हणाले, लाखात एखाद्याला बाधतं.
कुणालाच नाही, असं मी म्हणणार नाही.
न घेता गेलेली तर तुम्हीही मोजलीत,
ह्या एका गल्लीतली.
आपानं बांगड्या मागं सारल्या.

नऊ जणांवर बाटली फोडली.
नियमात बसत नव्हतं.

अर्धा तास बसून, बोटांनी दंड चाचपत
एकेक जण घरी गेला.
दोन वाजले. अडीच.
बाटलीच्या तळाशी एकाचं उरलेलं.
मी रकान्यावर पेन टेकवलं.

"उरलेल्याचं काय करता?"
धुरपताबाई टेबलाशी उभी.
फेकते, म्हणाले. लिहिते, वाया एक.
"वाया?"

ही बाई दुसऱ्याच्या रानात,
खणती उरकून मजूर घरी गेल्यावर,
ढेकळाखालून बोटभर हळकुंड शोधून काढते.
दिवसभराच्या सरव्याला
मूठभर पैसे येतात.
कोपरापर्यंत पिवळी असते उन्हाळाभर.

"टाकू नगा," म्हणाली,
आणि बसली. त्याच बाकावर.
"मला पटलं असं समजू नगा."
बरं.
"अन् खोकला इचारा."

मी विचारलं.
न्हाई, म्हणाली. मग थांबून,
"सकाळी ठसका आलता. हळदीचा."
मी बोटाला मशीन लावलं, ताप पाहिला,
छाती ऐकली, पुन्हा ऐकली.
ठसक्याला रकाना नव्हता.
समासात लिहिला.

मग बाटली उलटी धरून
शेवटचा थेंबही ओढून घेतला.

तिनं डोळे मिटले नाहीत. सुईकडंच पाहत होती,
काहीतरी ओळखू येतंय का,
असं.

कापसाच्या बोळ्यावर तिनं अंगठा दाबला.
कापूस पिवळा झाला.