आस

मिरफ्याला जुलैत समुद्र
कोमट पेजेसारखा पडून असतो.
पहाटे चारला आम्ही तिघं निघतो:
नौखदा खादिम,
शम्मा, तिची वही आणि मोजपट्टी,
आणि मी, सुरी घेऊन.

नौखदा म्हणजे आमच्या हर्णैचा नाखवा.
शब्द एकच, ह्याच पाण्यावरून गेलेला,
आमच्या किनाऱ्याला लागेतो
त्याचा ‘दा’ कुठेतरी गळून पडला.
खादिमला हे सांगितलं तेव्हा तो पोटभर हसला
आणि थर्मासमधला पहिला कहवा मला दिला.

मी इथे जाळी विणायला आलो होतो.
तेरा वर्षं विणली.
अब्बांनी शिकवलेली गाठ,
ओली झाली की जास्तच आवळणारी.
गाठ सुटली तर माझं नाव सांगू नको, म्हणायचे.
एकही सुटली नाही.

मार्चमधली गोष्ट. उथळ पाण्यात
मला वाटलं, होडी उलटलीय कुणाची.
राखाडी पाठ, त्यावर पंख्याचे जुने ओरखडे,
आणि तोंडात अजून गवताची एक काडी,
जेवता जेवता कुणी हाक मारावी तशी.
बगर बहर, खादिम म्हणाला.
समुद्रगाय, मी म्हणालो.
शम्माने मोजपट्टीचं टोक माझ्या हातात दिलं.
दोन मीटर एकाहत्तर.
काखेत थानं.
दाबलं तर दूध आलं.

‘पिल्लू?’
शम्मा पाण्याकडे बघत राहिली,
त्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही.

जाळं मी लगेच ओळखलं.
दर दहाव्या बोयाखाली एक जादा गाठ,
कामाची नाही, अब्बांची आठवण म्हणून मारलेली.
कुणी मला काही विचारलं नाही.
दुसऱ्या महिन्यात मी मालकाकडे हिशोब मागितला
आणि ह्या बोटीवर आलो, निम्म्या पगारावर.
घरी अजून सांगितलेलं नाही.

आता सोडून दिलेली जाळी शोधतो.
तळाशी पडूनही ती मासे धरतच असतात,
मालक नाही, बाजार नाही, तरी धरतात.
पाण्याखाली उतरून मी गाठ चाचपतो,
कुठे कापली की सगळं ढिलं पडेल
ते विणणाऱ्यालाच ठाऊक.

खादिमच्या आईने त्याला वाढवलं
त्या जनावराच्या खारवलेल्या मांसावर.
मोत्यांचा धंदा बुडाला, घरात दुसरं काही नव्हतं.
हे त्याने एकदाच सांगितलं, तेही बोया मोजता मोजता.
गवताचं रान खाली आलं की
तो इंजिन बंद करतो आणि वल्हं घेतो.
सत्तरी उलटलीय. मी वल्हं मागितलं तर देत नाही.

पलीकडे गाळ उपसणारं जहाज उभं आहे,
रात्रभर दिवे.
तिथे नवं बेट व्हायचंय, बंगले, धक्का.
शम्मा सभेला जाऊन आली.
त्यांच्या नकाशावर हे गवत
‘रिकामा तळ’ म्हणून रंगवलंय, फिकट पिवळं.
ती आल्यावर बराच वेळ बूट पुसत बसली.

काल तिने विचारलं,
जाळ्याच्या ह्या भोकाला तुमच्यात काय म्हणतात?
आस, मी म्हणालो.
बोटं घालून मोजतात,
दोन बोटं आस, चार बोटं आस.
तिने अरबी अक्षरांत लिहून घेतलं.
दुसरा अर्थ मी सांगितला नाही.

आज पाणी काचेसारखं.
खाली गवतात चरल्याच्या वाटा दिसतात,
कुणी बोटाने पाटीवर गिरवल्यासारख्या,
एक रुंद,
आणि तिला चिकटून एक अरुंद, वाकडीतिकडी.
ताज्या आहेत, शम्मा कुजबुजते.
श्वास घ्यायला वर यावंच लागेल त्यांना.
ती घड्याळ सुरू करते.
तीन मिनिटं.
चार.
जहाजाची साखळी दूर कुठेतरी खडखडते.
पाच झाली.
खादिम वल्हं आडवं धरून बसलाय,
थेंब पाण्यात पडू नये म्हणून
त्याखाली दुसरा हात धरून.