नाव

जहाजाचं नाव पुसता येतं.
कॉन्स्तान्त्साच्या धक्क्यावर सिंझियाना
तिसऱ्या दिवशीही उभी आहे, मासे विकत घ्यायच्या बहाण्यानं.
दुपारी साडेचारला ऊन तिरपं होतं,
आणि जेमतेम दहा मिनिटं
पांढऱ्या रंगाखालून जुनी अक्षरं वर येतात,
वेल्डिंगची, बोटाएवढी जाड.
रंगाऱ्याला ती झाकता आली,
खरवडायचे पैसे त्याला कुणी दिले नव्हते.

फोटो तीन देशांत तीन ठिकाणी जातो.
एक गेला तरी दोन उरावेत.
नातेला बातुमीत आहे, हरीलाओस लार्नाकात,
तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.
ओळख पटवायला फोनवर आकडे वाचतात,
चार चार, सावकाश,
जसे लहानपणी पाढे.
हरीलाओस दर वेळी सातव्या ओळीत खोकतो.
खरं तर त्याच्या खोकल्यावरच आमचा विश्वास आहे, असं नातेला म्हणते.

जहाज बदलतं नाव, झेंडा, रंग, कप्तान.
सात आकड्यांचा नंबर तेवढा बदलत नाही,
जन्मखुणेसारखा सांगाड्याला चिकटलेला.
त्या नंबरामागे मागे जाताना कळलं :
नोव्हेंबरच्या एका रात्री अकरा तास
हे जहाज नकाशावर नव्हतंच.
यंत्र बिघडलं होतं, कंपनी म्हणते.
कुठली कंपनी?
ती, जी दुसऱ्या कंपनीची आहे,
जी तिसरीची, जिचा पत्ता
एका केशकर्तनालयाच्या वर, जिन्याला बल्ब नाही.

समुद्राला सातबारा नसतो.
हरीलाओस नोंदणी कार्यालयात दहा युरो भरतो,
शिक्का वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसतो.
संचालक म्हणून सही : आंद्रूला.
ती खालीच असते, हातात कात्री.
"महिन्याला दोनदा सही करते. वाचत नाही.
वाचायचे वेगळे पैसे देतील का?"
आणि हसते, आणि मग हसत नाही,
कारण त्यानं तिच्यापुढे अमिरानचा फोटो ठेवलाय.

अमिरान. बावीस वर्षं. इंजिनघरात तेल पुसायचं काम.
त्या अकरा तासांत पाणी आत आलं तेव्हा
जीव वाचवायची नाव खाली सोडायला तो धावला.
आकडा गंजलेला. दोर कुजका.
नाव एका बाजूनं सुटली, आणि तो तिच्यासोबत.
जहाज मात्र तरलं.
ओढत नेलं, डागडुजी केली, नाव बदललं.

एकाच शब्दात दोन गोष्टी :
एक नाव त्याला घेऊन बुडाली,
दुसरं नाव त्याच रात्री लपवलं गेलं.

नातेला त्याच्या आईकडे जाते, फोन फ्रीजमध्ये ठेवून.
त्सिआला अक्रोड फोडत बसलेली.
तिला पैसे नकोत, वकील नको.
"मालक कोण, एवढंच सांग."
एक वर्ष चार महिने लागले.
कुठे पाणी मुरतं ते कळत होतं,
कुणाच्या विहिरीत निघतं ते कळत नव्हतं.
शेवटी एका घटस्फोटाच्या खटल्यात,
मालमत्तेच्या यादीत, घोड्याच्या आणि पियानोच्या मधे,
बायकोनं रागानं लिहून दिलेलं :
एक मालवाहू जहाज. आणि ते सात आकडे.

बातमी तीन भाषांत एकाच मिनिटाला निघाली.
वकिलाची नोटीस दुपारच्या जेवणाआधी आली.
संध्याकाळी धक्क्यावर
जहाजाला पुन्हा पराती बांधलेल्या, रंगाचे डबे उघडे.

बातुमीत त्सिआलानं ते नाव मोठ्यानं वाचलं.
दोनदा. जिभेवर घोळवून, चव घ्यावी तसं.
मग विचारलं,
"याची आई आहे का?
तिला माहीत आहे?"

नातेला काहीच बोलली नाही.
रात्री तिनं तिघांचा तक्ता उघडला,
चारशे बारावी ओळ, प्रश्न जसाच्या तसा लिहिला.
पुढच्या रकान्यात, जिथे आम्ही पुरावा लिहितो,
हरीलाओसनं पहाटे फक्त एवढंच टाकलंय :
बघतो.