वाकडी करंगळी

मानमोडी ओसरली त्या साली
मी खडकीच्या कारखान्यात पाय घडवत होतो.
त्याआधी नांगर घडवायचो, बोपोडीत, बलुत्यावर.
लढाई संपली आणि सरकारला सुतार कमी पडले.

साग जड. बाभूळ त्याहून जड.
शिवण बरी, हलकी, सहसा भेगाळत नाही,
रंधा मारला की लोण्यासारखी निघते.
गुडघ्याखाली नऊ बोटं, उजवा.
अकरा बोटं, उजवा. डावा.
नावं साहेबाच्या वहीत, माझ्या वहीत नुसती लांबी.
तरी काही नावं चिकटलीच.
चिपळूणकडचा भिकाजी चाळके म्हणायचा,
मिस्त्री, बोटं कोरा की.
अरे, बुटात जाणार. कोण बघणार?
मी बघणार, म्हणायचा. रात्री.
नाहीच कोरली. दिवसाला दोन पाय द्यायचे होते.

पौषात एक बाई आली, पौडाहून चालत,
पदरात गुंडाळलेली वहाण घेऊन.
एकच. दुसरी कुत्र्यानं नेली, म्हणाली.
ठकूबाई शेडगे. कपाळाला कुंकू होतं,
पण घाईत टेकवल्यासारखं, जरा डावीकडे.
बसऱ्याहून आलेला कागद कारकुनानं दोनदा वाचला.
दोन्ही वेळा तेच निघालं:
पत्ता लागत नाही.

"भटजी म्हणत्यात, पळसाच्या पानांचा माणूस करा न् जाळा.
पानांना काय वजन असतं का, मिस्त्री?
चार जणांनी उचलायचं काय?
तुम्ही पाय करता म्हणं. ह्या मापाचा एक करा.
वहाणंपरीस जरा भरीव धरा,
चिखलणीत त्यांचं पाय सुजायचं."

लाकूड सरकारी, ठोकळा न् ठोकळा मोजलेला.
घरी एक जू पडून होतं शिवणीचं,
शितोळ्यानं सांगून ठेवलेलं.
न्यायला शितोळ्यांकडचं कुणी उरलं नव्हतं.
कंदिलाशी बसून त्यातलं कापलं.

वहाणेत अंगठ्याचा खड्डा होता,
टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली.
म्हणजे गडी जरा फाकत चालायचा,
ओझं उजव्या खांद्यावर घ्यायचा बहुतेक.
ज्याला कधी पाहिलं नाही
त्याची चाल माझ्या मांडीवर होती.
बायको म्हणाली, झोपा आता.
मी बोटं कोरत होतो. मग नखंही कोरली.

आठवड्यानं आली. पाय हातात घेतला,
तान्ह्या पोराचा धरावा तसा, टाचेखाली तळवा देऊन.
बोटांवरून हात फिरवत करंगळीशी थांबली.
"ही वाकडी होती."
मी पटाशी उचलली, परत ठेवली.
लाकूड काढता येतं बाई, लावता येत नाही.
"असू द्या," म्हणाली.
"तिकडं जाऊन सरळ झाली असंल."

पैसे नाही घेतले. तिनं आंबेमोहर ठेवला, शेरभर.
त्या रात्री घरभर वास होता
आणि पोरं कधी नाही ती भांडली नाहीत.

पुढं आषाढात पौडचा एक गाडीवान भेटला.
ठकूबाई? हां, आहे की. आवणीला लावली होती आम्ही.
कुंकू लावते?
त्यानं आठवून पाहिलं. पावसात काय दिसतंय, म्हणाला.
आणि दारात वहाण असते का?
असते.
एक का दोन?
त्यानं बिडी पेटवली.
वहाणा कोण मोजतंय, मिस्त्री.