साठ एमबी

भांडी बाजारात जिन्याच्या दुसऱ्या वळणावर
माझी एडिटिंगची खोली. खाली पितळ, वर मी.
हर्षला वडनेरे आल्या त्या दिवशी गुरुवार होता, बाजार अर्धा बंद.
चष्म्याच्या डबीतून पेनड्राइव्ह काढला.
"अप्पांचं शेवटचं घंगाळ आहे. नऊ मिनिटं.
भाच्यानं भारी कॅमेऱ्यावर काढलंय, अकरा जीबी.
भाऊ माझा जहाजावर. तिथं नेट मापून देतात,
साठ एमबीच्या पुढचं काही उघडत नाही त्याच्याकडं.
बसवाल?"

बसवाल म्हणाल्या. कोंबाल म्हणाल्या नाहीत.

एक आख्खं चित्र ठेवायचं,
मग पुढच्या चित्रात हललं तेवढंच लिहायचं,
ही या धंद्यातली सगळी विद्या.
भिंत हलत नाही, तिला पुन्हा लिहायचं नाही.
खुंटीवरची पिशवी, खरवई, मांडी घातलेला पाय,
तेही नाही.
हलतो तो उजवा हात, मनगटापासून पुढं.
बाकीचे अप्पा मशीनच्या लेखी
मागच्याच चित्रातले.

पहिल्या खेपेला मी दाणे पुसले.
दाणे कमी तर फाइल हलकी, असा हिशोब.
धूळ गेली, धुळीबरोबर तांब्यावरचे ठोकेही गेले.
घंगाळ असं गुळगुळीत, जसं साच्यातून पडलेलं स्टील,
आणि अप्पांचा गाल मेणाचा.
"हे आमचं नाही," मागच्या स्टुलावरून ताई म्हणाल्या.
बोट घंगाळाकडं होतं.

मग फ्रेम निम्म्या करून पाहिल्या.
हातोडी वर दिसते, हातोडी तांब्यावर दिसते,
मधला प्रवास कुणीतरी खाल्लेला.
पन्नास वर्षं तो मधलाच तर प्रवास केला माणसानं.
तेही रद्द.

चित्राचा आकार उतरवला. दोन फेऱ्या लावल्या:
पहिल्या फेरीत संगणक नुसता बघतो, लिहीत काही नाही,
कुठं गर्दी आहे, कुठं निवांत, एवढं मनात धरतो.
त्यानंच दाखवलं, बिटं जातायत कुठं.
अप्पांवर नाही, घंगाळावरही नाही;
डाव्या कोपऱ्यातल्या खिडकीवर.
बाहेर रिक्षा, हातगाडी, एक पिवळी छत्री,
सतत हलणारं जग, निम्मी फाइल गिळून बसलेलं.
खिडकी काळी करतो म्हटलं.
ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"सहाव्या मिनिटाला त्या खिडकीतून
आई डबा घेऊन येताना दिसते."

अकरा सेकंद खिडकी उघडी ठेवली.
भर दुपारी अंधार, मग अकरा सेकंद ऊन,
निळ्या काठाचं लुगडं, डब्याची कडी,
पुन्हा अंधार.
दोन एमबी गेले त्यात.
ते मी आवाजातून काढले. आवाजाचं कुणाला कळतंय.

एकोणसाठ पॉइंट आठ. दोनशे रुपये घेतले.
ताईंनी पेनड्राइव्ह डबीत ठेवला आणि चष्मा नाकावर,
डबीत दोघांना जागा नव्हती.

नवव्या दिवशी समुद्रातून मेसेज आला, ताईंनी मला पाठवला:
"मस्त आलंय. पण घाव पडायच्या जरासं आधी
त्याचा आवाज येतो. फुसफुस केल्यासारखा. माझा फोन बिघडलाय का?"

फोन नव्हता बिघडला. कंजुषी माझी.
आवाज तुकड्यांत बांधतात, तुकडा नीट नाही बांधला
की ठोका मागं सांडतो,
हातोडी हवेत असतानाच.
मी त्याच रात्री आवाज मोकळा सोडून नवी फाइल केली,
चौसष्ट एमबी. तीही पाठवली, पैसे न घेता.

उत्तर चार दिवसांनी:
"चौसष्ट उघडत नाही. राहू द्या.
आधी ऐकू येतं ते बरं वाटतंय आता.
मान वर करून बघायला वेळ मिळतो."

अकरा जीबी माझ्या डिस्कवर अजून तसेच आहेत.
डिस्क भरत आलीय, दोन लग्नं आणि एक वास्तुशांत वाट बघतायत.
खाली कुणीतरी पातेल्यांची चळत उचलतंय,
आणि मी उगाच
ती पडण्याआधीच कान देऊन बसलोय.